चढावरचं मिसिंग

सासूबाईंची लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुवायला यायचे, आणि ते पोचवायची पिकअप त्या स्वतः चालवायच्या. ती चढावर धक्के खायला लागली तेव्हा त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. परस्पर ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. तरी मिसिंग, म्हणजे इंजिनाचं अडखळणं, जाईना, तेव्हा इंजिन खोलावं लागेल म्हणाले.

सुनेला हे जेवताना कळलं. ती एका गॅरेजात मेकॅनिक होती. दिवसभर लोकांच्या गाड्या बघायची आणि घरच्या गाडीबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं, पण तिने ते घासाबरोबर गिळलं.

"आई, इंजिन खोलण्याआधी मला एक दुपार द्या."

सासूबाई म्हणाल्या, बघ बाई, फक्त काढलेला प्रत्येक नट परत जागेवर गेला पाहिजे.

सुनेने बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. गाडी थंड असताना होतं का? नाही. रिकामी असताना? नाही. माल भरून चढ चढतानाच. मग तिने स्कॅनर लावला. त्याने दुसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. तिने दुसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्याला लावली, तिसऱ्याची दुसऱ्याला, आणि माल भरून सासूबाईंबरोबर चढावर फेरी मारली. कॉइल खराब असती, तर दोष तिच्याबरोबर तिसऱ्यावर गेला असता. तो दुसऱ्यावरच राहिला. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच.

म्हणजे मिस्त्रींचंच खरं, असं सासूबाई म्हणाल्या. सुनेने गेज लावून चारही सिलिंडरचं प्रेशर मोजलं आणि काटा त्यांना दाखवला. सगळीकडे सारखं होतं. इंजिन ठणठणीत आहे, तिने सांगितलं, त्याच्या पोटात शिरायची गरज नाही.

मग चढावर असं काय बदलतं? जोर लागला की इंजिन आपल्या जागी थोडं कलतं. तिने चाकांना दगड लावले, सासूबाईंना ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडायला सांगितला, आणि स्वतः बाजूला उभी राहून आत टॉर्च मारला. इंजिन कललं, दुसऱ्या सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या इंजेक्टरची वायर ताणली गेली, आणि गाडी थरथरली.

"बस, आई. सापडलं."

सासूबाई चष्मा सावरत वाकल्या. लोखंडी पट्टीला घासून वायरचं कव्हर गेलं होतं आणि आत तांब्याच्या दोन-तीन तारा कशाबशा तग धरून होत्या. ताण आला की त्याही सुटायच्या आणि त्या सिलिंडरला पेट्रोल मिळायचं नाही.

सुनेने वायरचा नवा तुकडा जोडला, सोल्डरचा डाग दिला, वर इन्सुलेशनची नळी चढवली आणि वायर पट्टीपासून लांब बांधली. मग वजन हवं म्हणून ओल्या चादरींचे गठ्ठे भरून दोघी चढाला लागल्या. गाडी एका दमात वर गेली.

वर पोचताच सासूबाईंनी गाडी बाजूला घेऊन मिस्त्रींना फोन लावला आणि काय निघालं ते सविस्तर सांगितलं. मिस्त्री म्हणाले, माझ्याकडेही एक टेम्पो असाच छळतोय, सूनबाई बघेल का?

"येईल ती रविवारी. चहा मात्र चांगला पाजा," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांना आठवलं. शेजारी वळून त्यांनी विचारलं, "जाशील ना गं?"

सुनेला हसू आवरत नव्हतं. तिने मान डोलावली.