खुणेची शाई

मुलीने मागचं दार उघडलं. आईने जपलेल्या जुन्या फडक्यांचं गाठोडं रिकामं पडलं होतं. अंगणातल्या सगळ्या दोऱ्यांवर ती फडकी वाळत होती. धुऊन, पिळून, चिमटे लावून.

“आई! तू ती धुतलीस?”

“मग? तुझ्या मॅडम येणार आणि मळकी फडकी दाखवायची होय?” आई हात पुसत म्हणाली. तिची उभी हयात लाँड्रीत गेली होती. “चार माणसांत नाक कापून घ्यायचं?”

मॅडम मागेच उभ्या होत्या. विद्यापीठात पर्यावरण न्याय हा विषय त्याच शिकवत. कारखान्याची काजळी नेमकी कोणाच्या घरांवर उतरते, हे मुलीला प्रबंधात मांडायचं होतं. पण समिती म्हणाली होती, तीन आठवड्यांच्या मोजणीवर प्रबंध उभा राहत नाही. उद्यापर्यंत जुना पुरावा आणा, नाहीतर विषय बदला. जुना पुरावा म्हणजे ही फडकी. मुलगी मटकन पायरीवर बसली आणि तिला रडूच कोसळलं.

“अगं वेडे,” आई म्हणाली, “जाणारा डाग असता तर चांगली चादर कापली असती का मी?”

मॅडम एव्हाना दोरीपाशी पोचल्या होत्या. तळहाताएवढा प्रत्येक पांढरा तुकडा, त्यावर काजळीचा काळा डाग आणि शेजारी लाँड्रीतल्या खुणेच्या शाईने घातलेली तारीख. डागही गेला नव्हता, शाईही नाही.

“दोनदा उकळून डाग निघाला नाही, तर चादर बाद. मगच तिचा डागाचा तुकडा कापून ठेवायचा,” आईने सांगितलं. “नाहीतर लाँड्रीचा मालक म्हणतो, इस्त्रीने जाळलीस. खापर आपल्यावर.”

मॅडम चष्मा सावरत एकेक तारीख वाचत निघाल्या. दुसऱ्या दोरीच्या मध्यावर थबकल्या.

“इथे वर्षभर एकही तुकडा नाही?”

“तेव्हा कारखाना बंद होता ना.”

मॅडमच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी तो लपवला नाही. हात पुढे करून मुलीला दाखवला. मुलगी डोळे पुसत उठली. लहानपणापासून ती याच गाठोड्याला टेकून अभ्यास करत आली होती.

पहिल्या दोरीच्या टोकाला, सगळ्यात जुनी तारीख घातलेलं, एक झबलं होतं.

“आणि हे?”

“ते हिचं. मालक ऐकेचना, इस्त्रीचाच डाग म्हणे. मग चादरीशेजारी त्याच दोरीवर वाळत घातलेलं हिचं झबलं नेऊन पुढ्यात टाकलं. तान्ह्या पोरीच्या झबल्याला कोणी इस्त्री करतं का? गप्प बसला मेला.”

“बाई गं!” मॅडम हळूच म्हणाल्या. “शंका खोडणारा पुरावा कसा असतो, हे एवढं समजावायला मला वर्गात अख्खं सत्र लागतं.”

“चहा ठेवू का?” आई अवघडून म्हणाली आणि अंगणातल्या नळावर पातेलं विसळू लागली.

मुलीने पिशवीतून उद्याचा अर्ज काढला. ‘मोजणीचा पहिला दिवस’ या रकान्यात तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती. ती खोडून तिने झबल्यावरची तारीख लिहिली. त्या दिवशी ती स्वतः एकोणीस दिवसांची होती. खालच्या ओळीत मोजणी करणाऱ्याची सही हवी होती.

तिने अर्ज आणि पेन आईपुढे धरलं. आईने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

“थांब,” आई पदराला हात पुसत म्हणाली, “हात ओले आहेत.”