तिसऱ्या खंडाची बंद पानं

लातूर सोडल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मांडीवर मऊ पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं आणि गाडी नांदेडच्या दिशेनं पळत होती. दुपारपर्यंत ते पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात जाणार होतं. मग त्यातल्या हॅनाचं पुढं काय झालं, ते मला या जन्मात कळणार नव्हतं.

आमचे हे, रविकिरण, डाळमिल चालवतात आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेत छापलेली पुस्तकं जमवतात. मिलच्या कामाला हैदराबादला गेले की जुन्या पुस्तकवाल्यांकडं चक्कर ठरलेलीच. घरी आल्यावर हात धुवायचे, साल बघायचं, प्रकाशक बघायचा, कातड्याच्या बांधणीचा वास घ्यायचा आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावायचं. वाचायचं मात्र नाव नाही. वाचते ती मी. इंग्रजी घेऊन बीए झालेली बायको केली, तिचा एवढा तरी उपयोग नको का!

ही कादंबरी तीन खंडांची होती; पहिले दोन मागच्या सीटवर आणि तिसरा माझ्या मांडीवर. लेखिकेचं नाव नव्हतं, नुसतं ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच. त्या काळी छापलेले ताव दुमडून तसेच शिवायचे आणि वाचणाऱ्यानं सुरीनं घड्या कापत पुढं जायचं. कुणा साहेबानं पहिले दोन खंड कापून वाचले होते आणि तिसऱ्याला हातच लावला नव्हता. मेला असेल नाहीतर बदली झाली असेल. मी मात्र दोन खंड वाचून तिसऱ्याच्या दारात अडकून पडले होते. घड्यांच्या बाहेर राहिलेली मोजकी पानं वाचली, त्यानं जीव आणखीच टांगणीला लागला. शेवटच्या तावाचं पहिलं पान असंच बाहेर होतं. हॅना नवऱ्याचं घर सोडून बंदरावर आली आहे, हातात एक पिशवी आहे, बोट सुटायच्या बेतात आहे आणि मागून नवऱ्याच्या घोडागाडीचा आवाज येतो आहे. पुढचं सगळं घडीच्या आत. इंटरनेटवरही शोधलं. एका यादीत नुसतं नाव सापडलं.

“अहो, कापू द्या की मला,” असं मी किती वेळा म्हणाले असेन.

“खुळी का तू? बंद हाय म्हणून तर त्याला मान हाय. कापलं की गेलं.”

आणि आता ते चाललं होतं विष्णुपुरीच्या शेषेरावांकडं. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांच्याकडं दख्खनच्या प्रवासाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, हातानं रंगवलेल्या चित्रांचं. आमच्या ह्यांनी त्यासाठी त्यांच्या किती विनवण्या केल्या. शेवटी ते अदलाबदलीला तयार झाले, पण अट एकच, तिसऱ्या खंडाचं एकही पान कापलेलं नसावं.

लोह्याजवळ टायर बसलं. हे चाक घेऊन पंक्चरवाल्याकडं गेले आणि मी लिंबाखाली दगडावर बसून राहिले, पुस्तक घेऊन. पंचा सोडला. पुन्हा गुंडाळला. उठले, बसले. मला माझाच राग यायला लागला. ही माणसं कुलपात ठेवायला पुस्तकं आणतात आणि मी वाचायची परवानगी मागत फिरते! पर्समधून एटीएम कार्ड काढलं, शेवटच्या तावाच्या पहिल्या घडीत घातलं आणि सरकन ओढलं.

आतली दोन पानं कोरी होती.

मला वाटलं, चिकटली असतील. पुढची घडी कापली. दोन छापलेली, मग परत दोन कोरी. मी वेड्यासारखी कापत सुटले. जिथं मजकूर होता तिथं अधाशासारखं वाचलं. हॅना बोटीवर चढायच्या फळीवर पाय ठेवते, मागून कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारतं, ती वळते. मग कोरं, पांढरंफेक. त्याच्या पाठीमागं छापखान्याचा पत्ता. संपलं.

“काय करून राहिली गं तू?” हे चाक ढकलत माझ्यासमोर येऊन उभे होते. कार्ड माझ्या हातातच होतं.

ह्यांना मी एवढं चिडलेलं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. परत फिरू म्हणाले, आता त्या माणसाला तोंड दाखवायचं न्हाई म्हणाले, तुझ्या बापानं तुला शिकवायलाच नको होतं इथपर्यंत गेले. मी म्हणाले, “कापलं ते मी. सांगते पण मीच. चला.” ह्यांनी धुसफुसत चाक बसवलं आणि गाडी विष्णुपुरीकडं काढली.

शेषेरावांना मी दारातच सांगून टाकलं. ते आत गेले, चष्मा बदलून आले, खिडकीपाशी पुस्तक धरलं. एक एक पान उलटत राहिले. मग मागं जाऊन तीच पानं पुन्हा बघायला लागले.

“रविकिरण,” ते म्हणाले, “अहो हा शेवटचा ताव एकाच बाजूनं छापलाय! दुसऱ्या बाजूनं मशीनवर गेलाच न्हाई. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून कुणाला कळलंच न्हाई. असला नग मी आयुष्यात पाहिला न्हाई!”

“म्हणजे घेता तुम्ही?” ह्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

“हाव, घेतो म्हणजे काय! आत्ता ठेवा इथं.”

लगेच ह्यांच्यातला व्यापारी जागा झाला. “मग साहेब, असल्या दुर्मिळ मालाला नुसतं प्रवासवर्णन कसं चालंल? तुमच्याकडचा तो औरंगाबादचा जुना नकाशा पण द्या.”

दोघं हसले. रंगीत चित्रांचं पुस्तक कपाटातून बाहेर आलं, नकाशा बाहेर आला, चहा आला. दोन डोकी त्या कोऱ्या पानांवर वाकली आणि शाई, कागद, छापखाना यांवर लई रंगात येऊन बोलत राहिली. “ताई, तुमचे उपकार झाले,” शेषेराव मला म्हणाले. “कापलं नसतं तर हे कळलंच नसतं.” माझा चहा हातातच निवत होता. मला बसवेना.

“पण मग तिचं काय झालं असेल?” मी विचारलं.

दोघांनी माना वर केल्या.

“कुणाचं?” हे म्हणाले.

मी टेबलावरचा तिसरा खंड उचलला, पर्समध्ये घातला आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. हे मागून हाका मारत होते. मी काच वर केली. हॅना अजून त्या फळीवर उभी होती आणि तिला ओळखणारी मी एकटीच होते.