मागणीची छांग

यांगजीनने मागणीची छांग, म्हणजे जवाची घरगुती दारू, नेली आणि मडकं भरलेलंच परत आलं, असं ल्हो गावात कधी घडलं नव्हतं. मुलीकडच्यांनी पेला ओठाला लावला की होकार. मडक्याच्या काठाला लावलेलं शकुनाचं लोणी न मोडता परत दिलं की नकार. आपल्या बोलण्याने दगडालाही पाझर फुटतो, हे यांगजीन स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. आज तर सख्ख्या भाच्याची मागणी होती.

भाचा साम्तेन सहाव्या वर्षी काठमांडूला वसतिगृहात गेला, तो थेट गेल्या हिवाळ्यात परतला, मिशा घेऊन. आता इथेच राहायचं आणि दिकीशीच लग्न करायचं, हे त्याने पक्कं केलं होतं. दिकीही तयार होती. पण नुब्री खोऱ्यातली आपली भाषा तो तिकडेच हरवून आला होता. कोणी काही विचारलं की हसायचा आणि नेपाळीत उत्तर द्यायचा.

"तू तोंड उघडायचं नाहीस," वाटेत यांगजीनने बजावलं. "मागणीला नवरा मुलगा मुकाच शोभतो."

"आणि विचारलंच काही तर, आत्या?"

"म्हणून तर भाषण घोटून घेतलंय ना तुझ्याकडून? घाबरतोस कशाला, मी आहे."

दिकीच्या घरी चुलीपाशी बसल्यावर यांगजीनने सुरुवात केली. साम्तेनचं कूळ, त्याचं बटाट्याचं शेत, त्याचा शांत स्वभाव, सगळं तिने असं रंगवलं की दिकीचा बाप ग्याल्त्सेन खूश होऊन पेल्याकडे हात नेऊ लागला. त्याच्या बायकोने, भूटीने, तो हात धरला.

"यांगजीन, तुलाच जावई करायचं असतं तर मी कधीच पेला उचलला असता," भूटी म्हणाली. "हा घरजावई होऊन माझ्या चुलीपाशी येणार. दिकीला नेपाळी येतं, तिचं भागेल. मी काय जन्मभर हातवारे करत बसू? त्याला बोलू दे."

साम्तेनने भाषण म्हटलं. लामांच्या तोंडी शोभतील असे आदराचे शब्द, एकही न चुकता, पोपटासारखे.

भूटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "पाठांतर छान आहे. आता सांग, तुला माझ्या घरात काय हवंय?"

हे भाषणात नव्हतं. साम्तेन ततपप करू लागला. यांगजीनने तोंड उघडलं तशी भूटीने पळी उगारली, आणि यांगजीन आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. फार जड गेलं तिला.

साम्तेनने मान खाली घातली. मग हळू आवाजात, नुब्रीच्याच भाषेत म्हणाला, "मला दिकी पाहिजे. मी पाणी आणीन. याक हाकीन. रडणार नाही. मला परत नको पाठवू ना."

यांगजीनने कपाळाला हात लावला. मिशा असलेला बाप्या माणूस, आणि होणाऱ्या सासूशी अगं-तुगं करत पोराटोरासारखा बोलतोय. ग्याल्त्सेन तर पोट धरून हसत सुटला. मडकं आता परत येणार यात यांगजीनला शंका उरली नाही.

भूटी मात्र हसली नाही. तिचा एकुलता मुलगाही असाच सहाव्या वर्षी काठमांडूला गेला होता. आता तो फोनवर नेपाळीत "बरी आहेस ना" विचारतो आणि ठेवून देतो. निघायच्या सकाळी तो तिच्या झग्याचं टोक धरून असंच बोलत होता, आणि तिने बोटं सोडवून त्याला पाठवलं होतं.

"हसू नका हो," ती नवऱ्याला म्हणाली. "जेवढी भाषा इथून नेली होती तेवढी याने सांभाळून ठेवलीय."

तिने पेला उचलला आणि तळापर्यंत प्याली. यांगजीनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि उद्या हे गावात आपल्या नावावर कसं खपवायचं, ते जुळवायला लागली.

भूटीने उकडलेले बटाटे साम्तेनपुढे ठेवले. "सहा वर्षांचाच आहेस अजून. काही हरकत नाही, पुढे मी वाढवीन. भूक लागलीय?"

"हो," साम्तेन म्हणाला. "खूप."