मागच्या खोलीतला वर्ग

शाळेच्या मागच्या खोलीत धूळ खात पडलेले अकरा संगणक सरांनी एका सुट्टीत चालू केले. विकतची प्रणाली त्या जुन्या यंत्रांना झेपत नव्हती. सरांनी त्यांच्यावर ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम घातली: कुणीही वापरावी, आत डोकावून पाहावी, हवी तशी बदलावी. यंत्रं धावू लागली तसे सर लहान मुलासारखे हरखले.

मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुक केलं आणि लगेच म्हणाल्या, "बरं झालं, सफाईवाल्यांच्या मुलांची मागे वेगळी सोय झाली. आमची मुलं त्यांच्याशेजारी बसणार नाहीत म्हणून पालक कधीचे कुरकुरताहेत."

"पण बाई, वर्ग तर एकच आहे ना?"

"दोन्हीकडे शिकवणार तुम्हीच. मग वेगळं काय त्यात?"

सरांनी मुलांच्या दोन याद्या केल्या. त्यांची स्वतःची मुलगी त्याच वर्गात होती, पुढच्या खोलीत, नव्या संगणकावर. आपल्या गप्प बसण्याला त्यांनी समजूतदारपणा म्हटलं आणि दोन वर्षं निभावून नेलं.

शाळेचे जिने पुसणाऱ्या मावशींची मुलगी मागच्या खोलीत शिकत होती. चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधले इंग्रजी शब्द तिला अडायचे. एकदा तिने विचारलं, "सर, हे बदलता येतं म्हणालात ना? मग मराठीत करू?"

सरांनी वाट दाखवली. 'खोडरबर' म्हणायचं की 'पुसणी', यावर मागची खोली आठवडाभर भांडली. लिहीत, खोडत तिने चारशे शब्द मराठीत आणले, आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

प्रदर्शनाच्या दिवशी तो प्रोग्रॅम पुढच्या खोलीत लागला. शेजारी उभी होती सरांची मुलगी. "पाहुण्यांना मागे कुठे नेता? हिने नुसतं हो म्हणायचं," बाईंनी सकाळीच बजावलं होतं. सरांनी तेही ऐकून घेतलं होतं.

"वा! हे तू केलंस?" पाहुण्यांनी विचारलं.

मुलीने बापाकडे पाहिलं. सरांनी हळूच मान हलवली. हो म्हण.

"नाही," ती म्हणाली. "जिने केलं ती मागे बसते. तिला इथे बसू देत नाहीत. बाबांना सगळं माहीत आहे."

बाई हसल्या, "घाबरली हो पोर!"

सर पुढे झाले. "ती खरं बोलतेय. खोटं बोलायची खूण मी केली होती. आत्ता, तुमच्यासमोर."

सोमवारी त्यांनी हजेरीच्या क्रमाने मुलं बसवली, दोन्ही खोल्यांत मिसळून. दुपारी खुलासा मागणारी नोटीस हातात पडली. चार पालकांनी मुलं वर्गातून काढली. सख्खा भाऊ म्हणाला, "तुलाच कशाला ही उठाठेव?"

सर जिन्यापाशी गेले आणि मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी फडकं पिळलं, बाजूला ठेवलं.

"चांगलं केलंत, सर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं पोरगी रोज विचारायची, आई, आम्हीच मागे का? मी म्हणायचे, तुमच्या सरांना ठाऊक नसेल गं. ठाऊक असतं तर त्यांनी चालू दिलं असतं का?"