घडी घातलेलं गाणं

माझा साडू पगार घेऊन घंट्या ऐकायचा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण सायकलच्या घंट्यांचा कारखाना म्हटला की असा एक माणूस लागतोच. पट्ट्यावरून घंटी आली की हा अंगठ्याने ती एकदा वाजवायचा, मान जराशी कलती करायचा, आणि घंटी एक तर उजवीकडे माझ्याकडे खोक्यात भरायला यायची, नाही तर डावीकडे भंगारात जायची. दिवसाला दोन हजार घंट्या. कान असा, की बंद खोकं हलवून सांगायचा, खालून दुसऱ्या थरात चौथी घंटी तडकलेली आहे. एकदा तर माल भरलेली गाडी फाटकाबाहेर पडून खड्ड्यात आदळली आणि ह्याने जागेवरूनच हात वर करून सांगितलं, वरच्या खोक्यातली चौथी तडकली. गाडी परत बोलावली. चौथी नव्हती, पाचवी निघाली. म्हणजे चुकतो तोही, मी काही त्याची बाजू घेत नाही.

कारखान्यात सगळे त्याला कानवाले म्हणायचे आणि ते नाव त्याच्या डोक्यात गेलं होतं.

घरी त्याचं लेकीशी एका गोष्टीवरून कायम वाजायचं. लेक कॉम्प्युटरवाली. घरातला कॉम्प्युटर जुनाट, त्यात जागा संपत आली, म्हणून तिने बापाची गाणी वेव्हमधून फ्लॅकमध्ये करायला घेतली. वेव्ह म्हणजे गाणं जसंच्या तसं, ऐसपैस पसरलेलं. फ्लॅक म्हणजे तेच गाणं घडी घालून निम्म्या जागेत ठेवलेलं. वाजवताना कॉम्प्युटर घडी उलगडतो.

"बाबा, एक कणही सांडत नाही. शर्टाची घडी घातली म्हणून बटण गळतं का?"

"बटण गळत नाही, पण घडीची रेघ राहते. ती मला ऐकू येते."

"रेघ ऐकू येते?"

"घडीचं गाणं दबलेलं येतं. तुला नाही कळायचं, तुझे कान आईवर गेलेत."

आतून माझी मेव्हणी म्हणाली, "माझ्या कानांचं नाव काढू नका. मघापासून तीनदा हाक मारली, ती कुठल्या घडीत गेली?"

हे घरातलं भांडण घरात राहिलं असतं. पण साडूने ते एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये रंगवून सांगितलं, आणि नेमक्या मालकीणबाई मागे उभ्या. बाईंनी महिनाभर वापरून बघायला एक यंत्र आणलं होतं. माईक लावलेलं, घंटी वाजवून आपणच चांगली-वाईट ठरवणारं. ते घ्यायचं की परत पाठवायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"कानवाले," बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणते फरक नाही, आणि तुम्हाला ऐकू येतो. तिचं खरं असेल, तर तुम्हाला भास होतात. मग इतकी वर्षं भासापायी माझ्या किती चांगल्या घंट्या भंगारात गेल्या?"

बाईंचं म्हणणं सरळ होतं. शुक्रवारी सुट्टीत इथेच परीक्षा. कान खरा ठरला तर यंत्र परत. भास ठरला तर साडूची खुर्ची यंत्राला, आणि साडू माझ्या शेजारी खोकी भरायला.

खोकी भरणं काही वाईट काम नाही. पण माझ्या शेजारी बसून त्या खुर्चीकडे बघत राहायचं, हे त्या माणसाला जमलं नसतं.

शुक्रवारी लेकीने घरचा कॉम्प्युटर आणून कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला. बाई नाणं उडवायच्या. छापा आला की साधं गाणं, काटा आला की घडीचं. गाणं तेच. साडू पाठ करून डोळे मिटून बसला. सगळा कारखाना डबे उघडून बघत होता, पण चावत कोणी नव्हतं.

"घडी," साडू म्हणाला. बरोबर.

"साधं." बरोबर.

"साधं. घडी. घडी."

दहापैकी दहा! टेबलांच्या पत्र्यावर थापा पडल्या. मी तर शेजारच्याचा डबाच वाजवला. लेकीचा चेहरा मात्र उतरला. बाप जिंकल्याचं दुःख नव्हतं, तिला ते पटतच नव्हतं. ती वाकून कॉम्प्युटरच्या खोक्यामागे काहीतरी चाचपत राहिली, मग हळूच म्हणाली, "बाबा, अजून एकदाच."

आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने स्पीकरची वायर उपटून हातात धरली.

गाणं सुरू झालं, म्हणजे पडद्यावर सुरू झालं. कॅन्टीनमध्ये चिडीचूप. साडूने मान कलती केली, अगदी आवडीने.

"घडी," तो म्हणाला. "सुरुवात ऐका. किती दबलेली आहे."

हशा असा फुटला म्हणता, की छपरावरची कबुतरं उडाली ती सोमवारपर्यंत खाली उतरली नाहीत. साडूने डोळे उघडले, लेकीच्या हातातली वायर पाहिली आणि त्याचे कान लाल झाले.

"झालं तर," बाई उठत म्हणाल्या. "भासच."

"भास नाही हो बाई!" लेक बापासाठी मध्ये पडली. "घडीचंच लावलं होतं मी. हे खोकं इतकं जुनं आहे, की घडी उलगडायला लागलं की त्याला धाप लागते. पंखा जोरात फिरतो. बाबा तो ऐकतात. गाण्यात काही नाही, पण खोलीत आहे."

बाई पुन्हा बसल्या. "मग खोकं शेजारच्या कोठीत ठेवा. फक्त स्पीकरची वायर दाराखालून इकडे आणा. चहानंतर पुन्हा."

चहाला मी साडूला कोपऱ्यात गाठलं. "हे बघ, कोठीच्या काचेतून मला पडदा दिसतो. घडीचं लागलं की मी खोकेन. तू नुसतं बोलायचं."

तो चहा ढवळत राहिला. मी ते हो धरलं.

चहा झाला. गाणं लागलं. मी खोकलो. साडू गप्प. दुसऱ्यांदा लागलं, मी गप्प, साडूही गप्प. तिसऱ्यांदा मी असा खोकलो, की बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मेव्हणीने मला घरात ठेवून घेतलं नसतं असला खोकला. साडू डोळे मिटून बसलेला, कपाळावर घाम. नुसता अंदाज ठोकला असता तरी निम्मे बरोबर आले असते.

"बोला कानवाले," बाई म्हणाल्या.

"सारखंच आहे," साडू म्हणाला.

"काय सारखं?"

"दोन्ही. ह्या माणसाचा खोकला सोडला, तर तिन्ही वेळा काहीच फरक नाही." त्याने डोळे उघडले आणि लेकीकडे पाहिलं. "तुझं बरोबर होतं. मी आजवर पंख्याशी भांडत होतो."

मी पेल्यात तोंड घातलं ते बराच वेळ काढलं नाही.

बाई काही म्हणायच्या आत साडूच उठला. "बाई, आता मलाच शंका आली. सकाळी मी भंगारात टाकलेल्यातल्या कुठल्याही दहा घंट्या आणा. आणि छताचे पंखे, पट्टा, पाण्याची मोटार, सगळं बंद करा."

कारखाना थांबला. इतकी शांतता तिथे कधी झाली नव्हती. मला माझ्याच मिशा वाढताना ऐकू येत होत्या. बाईंनी घंट्या स्वतः वेचून आणल्या. साडूने एकेक वाजवली. आठ त्याने बाजूला सारल्या. बाईंनी भिंग लावून पाहिलं, तर आठही घंट्यांना केसाएवढी चीर. उरलेल्या दोन तो पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

"ह्या चांगल्या आहेत," तो शेवटी म्हणाला. त्याला ते म्हणताना त्रास होत होता. "ह्या मी उगाच टाकल्या."

बाईंनी त्याच दहा घंट्या यंत्रापुढे धरल्या. यंत्राने दहाच्या दहा पास केल्या आणि हिरवा दिवा लावला.

"ह्याला आठ चिरा ऐकू आल्या नाहीत," बाई म्हणाल्या, "आणि चूक झाली हे तर ह्याला सांगताच येत नाही." त्यांनी यंत्राची वायर काढली. "सोमवारी आठला या कानवाले. खुर्ची तुमचीच आहे."

साडूने त्या दोन चांगल्या घंट्या माझ्या खोक्यात ठेवल्या.

"साडेसातला येतो बाई," तो म्हणाला. "आठला पाण्याची मोटार सुरू होते. तिच्या घरघरीतच त्या दोन फसल्या असतील. टाकी भरेपर्यंत कुठलीच घंटी डावीकडे टाकणार नाही."