दुसऱ्या हाताचे रक्त

कळसाडीच्या शांतीलाल पाटलांच्या ओट्यावर बाया कापूस निवडत बसल्या होत्या. घरची सून जसोदा त्यांच्यात नव्हती. आठ दिवसांपूर्वी तिला मेलेले मूल झाले होते. हे तिचे दुसरे. त्यातच ताप भरला, लघवी बंद झाली आणि चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. १९६७ साल होते. शहाद्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. ते म्हणाले, "मूत्रपिंडे बंद पडली आहेत. मुंबईला न्या. तिथे पोटात पाणी सोडून रक्तातली घाण काढतात."

नवरा मोतीलाल तिला घेऊन नंदुरबारहून गाडीत बसला.

मुंबईच्या इस्पितळात जसोदाच्या बेंबीखाली नळी घातली गेली. औषधी पाणी पोटात सोडायचे, तासाभराने काढायचे, पुन्हा सोडायचे. त्या पाण्याबरोबर घाण जाते, तशी रक्तातली प्रथिनेही जातात. म्हणून रक्त अधूनमधून तपासावे लागे. सहाव्या दिवशी प्रथिनांचा आकडा असायला हवा त्याच्या निम्म्यावर आला. तरुण डॉक्टर रिपोर्टचा कागद मोतीलालच्या हातात देत म्हणाला, "आशा फार धरू नका." मोतीलालने तारेने तसे घरी कळवले.

दोन दिवसांनी नर्स सोनीबाईच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती नवापूरकडची, ख्रिस्ती शेतकऱ्याची लेक. जसोदाशी तिच्या बोलीत बोलणारी तिथे ती एकटीच. ज्या हाताच्या शिरेत सलाईन चालू होते त्याच हाताचे रक्त तपासायला गेले होते. तिने मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितले. बाईंनी दुसऱ्या हाताचे रक्त काढवले. आकडा बराच वर आला. बाईंनी मोतीलालला बोलावून सांगितले, "आधीचा आकडा चुकीचा आहे. रक्तात सलाईनचे पाणी मिसळले होते. तो कागद फाडून टाका. लघवी सुरू झाली आहे, दोन आठवड्यांत बायको घरी येईल."

मोतीलालने मान हलवली. कागद मात्र फाडला नाही. त्याच दुपारी वडिलांचे पत्र आले होते: रिपोर्ट घेऊन ये, धानोऱ्याला तिच्या धाकट्या बहिणीचे तुझ्यासाठी बोलणे काढतो.

"येचनीनं दखीसन चार दिनमा येस," असे कापूसवेचणीचे निमित्त जसोदाला सांगून तो गेला.

पहिली बायको जिवंत असताना दुसरी करणे गुन्हा आहे हे शांतीलाल पाटलांना ठाऊक होते. पण मरणाऱ्या बहिणीच्या जागी धाकटी बहीण देण्याची रीत होती, आणि रीतीला कोणी जाब विचारत नसे. जसोदाची आई तापीबाई विधवा. धाकटी प्रमिला सोळा वर्षांची. पाटलांनी विहिणीच्या पुढ्यात कागद धरला. तापीबाईला वाचता येत नव्हते.

"पोरनं रगत पानी व्हई गयं. डाक्तरनी लिखी देयेल शे. ती जावाना पहिले धाकली मोतीलालले दी टाका, नातं टिकी."

"माले एकदाव तिले दखू द्या, व्याही."

"तुम्ही जाशात तवलोंग ती ऱ्हावाव नही."

आपण पोचेपर्यंत लेक उरणार नाही, हे ऐकून तापीबाई दिवसभर रडली. मग तिने होकार दिला.

इकडे जसोदा रोज भेटीच्या वेळी दाराकडे पाहत राही. चार दिवसांचे पंधरा झाले. तिला घरी सोडायचा दिवस आला तरी न्यायला कोणी नाही. शेवटी सोनीबाईने रजा काढली, दुसरा रिपोर्ट पिशवीत घातला आणि तिला गाडीत बसवले. नंदुरबारहून माहेर जवळ, म्हणून दोघी धानोऱ्याला आल्या.

दारात केळीच्या खांबांचा मांडव होता. प्रमिला हळद लावून पाटावर बसली होती. जसोदाला पाहताच वाजंत्री थांबली. तापीबाई पुढे आली आणि लेकीचा हात चाचपू लागली.

"माय, कोनं लगीन शे?" जसोदाने विचारले.

प्रमिलाच म्हणाली, "मन्हं. भाऊजीसंगे. तू वाचाव नही, असं सांगं व्हतं."

वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरले होते. निरोप गेला तसे बापलेक आले. मोतीलालच्या कपाळाला बाशिंग होते. सोनीबाईने कागद काढून सगळ्यांसमोर वाचला, आणि पहिला का चुकला तेही सांगितले.

"कागद काय, आज येक, सकाय दुसरा," शांतीलाल म्हणाले. "तपासनीवर कोनी भरोसा ठेवाना?"

"म्हणूनच ती पुन्हा केली, पाटील," सोनीबाई म्हणाली. "आणि ते तुमच्या मुलाला त्याच दिवशी सांगितले होते."

जसोदा नवऱ्याकडे वळली. "बाईसनी तुमले सांगं व्हतं का नही?"

मोतीलाल बापाकडे पाहू लागला.

"तिकडे नका दखा. माले सांगा."

"सांगं व्हतं," तो म्हणाला.

प्रमिला पाटावरून उठली. मुंडावळ्या सोडून तिने पाटावर ठेवल्या. "मी उभी ऱ्हावाव नही."

"तुम्ही शब्द देयेल शे," पाटील तापीबाईला म्हणाले.

"मन्ही पोर मरी ऱ्हायनी म्हनीसन देयेल व्हता. ती जिती शे."

जमलेल्यांत माना डोलावणारे थोडे होते, कुजबुजणारेच जास्त. धाकटीला आता कोण करील, हेच त्यांच्या तोंडी होते. पण प्रमिला पुन्हा पाटावर बसली नाही, आणि वऱ्हाड आल्या वाटेने परतले. जाता जाता मोतीलाल जसोदाला म्हणाला, "चाल घर."

"तठे मन्ही जागा तुम्ही भरी टाकी व्हती," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी तापीबाईने दूधभात आणून लेकीपुढे ठेवला. जसोदाने ताटाला हात लावला नाही. नवऱ्याने दगा दिला हे तिला चारचौघांत म्हणता आले होते. उरलेले, आई का आली नाही ते, तिने हळू विचारले.

"माय, तू मुंबईले काबरं उनी नही?"

"पाटील म्हनेत, तवलोंग तू ऱ्हावाव नही."

"मरानी व्हतू तरी येतीस ना. मी रोज दरवाजाकडे दखू."

तापीबाईने पदर तोंडाशी धरला. बाहेर माणसे मांडवाचे खांब उपटत होती. प्रमिला येऊन बहिणीशेजारी बसली, अंगावरची हळद तशीच होती. ताटात भात निवत गेला.