एका मशीनचे दोन पत्ते

“धनंजयभाऊ, माही सर्व्हिस सुरूच नाई होऊन राह्यली. पत्ता आधीच वापरात आहे म्हणते.”

प्रेरणाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. धनंजयने मान वर केली नाही.

वर्ध्यातल्या त्या खासगी इस्पितळातले संगणक एकमेकांना नावाने शोधत. कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे सांगणारी डीएनएस सेवा धनंजयने एका लिनक्स मशीनवर बसवली होती. प्रेरणा शाळेत होती तेव्हापासून ती सेवा चालू होती. आता नव्या इमारतीसाठी त्याच मशीनवर दुसरी डीएनएस सेवा बसवायची होती, आणि व्यवस्थापक चंद्रभानजींनी हे काम त्याला न विचारता हिला दिलं होतं. केबिनमध्ये बसवून चहाही पाजला होता. त्याला तिथे बोलावणं यायचं ते काही बंद पडलं तरच.

अडचण त्याला ठाऊक होती. मशीनला दोन पत्ते होते, एक जुना आणि एक नवा. प्रेरणाने आपल्या सेवेला त्यातला फक्त नवा दिला होता. त्याची सेवा मात्र दोन्ही अडवून बसली होती. एका ओळीचा बदल. ती ओळ त्याच्या ओठांवर आली आणि त्याने ती गिळली.

“मंग तुमची थोडा वेळ बंद करून पाहू का?”

“पाह्य ना. मले काऊन विचारून राह्यली?”

तिने बंद केली. तिची सेवा झटक्यात सुरू झाली. “झाली, भाऊ!” ती हरखून म्हणाली.

थोड्याच वेळात खालच्या संगणकांना एकमेकांचे पत्ते मिळेनात आणि नोंदणीच्या खिडक्या अडल्या. हे होणार, हेही त्याला ठाऊक होतं. जिन्यातून आवाज वर येऊ लागला.

“अवो, चिठ्ठी द्या ना लवकर! अल्लीपूरहून आली मी. पोराचं आंग पेटलं आहे!”

चंद्रभानजी धावतच आले. “कोणाले विचारून बंद केलं?”

प्रेरणाने धनंजयकडे पाहिलं. त्याने नजर पडद्याकडे वळवली.

“माही चूक झाली, सर,” ती म्हणाली.

त्याचं नाव तिने घेतलं नाही. धनंजयला वाटलं, निदान खोटं बोलली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. इथेही ही आपल्यापुढेच. चहाचा हेवा त्यापुढे काहीच नव्हता.

त्याने कीबोर्ड ओढला. आपल्या सेवेपुढे फक्त जुना पत्ता लिहिला, दुसरा सोडून दिला आणि ती सुरू केली. दोन्ही सेवा शेजारी शेजारी चालू लागल्या. खालचा गलका ओसरला.

“तिनं मले विचारलं होतं, साहेब,” तो म्हणाला. “मले माहीत होतं. मीच सांगतलं नाई.”

चंद्रभानजी प्रेरणाकडे वळले. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

“प्रेरणा, आता दोन्ही तूच पाहत जाय,” एवढंच बोलून ते गेले.

दुपारी फोन वाजला. औषधांच्या खिडकीवरून कोणी तरी काही विचारत होतं. धनंजयने सवयीने उचलला, ऐकून घेतलं. उत्तर त्याला येत होतं.

“थांबा,” तो म्हणाला, “मॅडमले देतो.”

आणि त्याने रिसीव्हर टेबलापलीकडे प्रेरणापुढे धरला.